एक्स-रे रूमचा लाल दिवा लागलेला असताना दार ढकलू नका

बारावीचा निकाल लागला की 'एक्स-रे टेक्निशियन कसं व्हायचं' हे पत्र या पानावर येणारच, ठरलेलं आहे. यंदा जरा जास्तच आली, आणि त्यात शिकणाऱ्यांबरोबर आईबाप, पेशंटचे नातेवाईक, नोकरीत असलेल्या पोरी, सगळेच आहेत. म्हणून या वेळचं सदर पूर्ण त्यालाच दिलंय. नावं छापत नाही, गाव तेवढं ठेवलंय.

प्रश्न : ताई, मला बारावी सायन्सला बरे मार्क आहेत पण नीटला काही जमलं नाही. इथं एका क्लासवाल्यांनी सांगितलं की सहा महिन्यांत एक्स-रे, सीटी, एमआरआय सगळं शिकवतो, शंभर टक्के जॉब, आणि सोमवारच्या आत फी भरली तर दहा हजार सूट. पप्पा म्हणतात भरून टाकू. तुम्ही सांगा काय करू.
— एक विद्यार्थिनी, चोपडा

उत्तर : सोमवार जाऊ दे बेटा. साड्यांचा सेल असतो, शिक्षणाचा नसतो.

सहा महिन्यांत एक्स-रे, सीटी, एमआरआय तिन्ही शिकवणारा माणूस मला अजून भेटायचाय. एक्स-रे मशीन कोणी चालवायची याचे नियम अणुऊर्जा नियामक परिषदेचे, म्हणजे एईआरबीचे आहेत, आणि त्यात मान्यताप्राप्त संस्थेतलं रेडिओग्राफीचं शिक्षण लागतं, क्लासवाल्याच्या फ्रेम केलेल्या सर्टिफिकेटवर कोणी चांगलं हॉस्पिटल तुला मशीनला हात लावू देणार नाही, आणि जे देईल तिथं तू जाऊ नको, कारण ज्यानं हा नियम पाळला नाही तो बाकीचे काय पाळणार.

रस्ते दोन आहेत. एक डिप्लोमा, साधारण दोन वर्षांचा. दुसरा पदवी, तीन वर्षं आणि वर इंटर्नशिप, कुठं बीएस्सीच्या नावानं तर कुठं बीपीएमटी, म्हणजे पॅरामेडिकल टेक्नॉलॉजीची पदवी. नाशिकचं आरोग्य विज्ञान विद्यापीठ माहिती असेल तुला, त्याला जोडलेल्या कॉलेजांत हे पॅरामेडिकलचे पदवी कोर्स चालतात. आपल्याकडं आता धुळे, जळगाव, नंदुरबार तिन्हीकडं सरकारी मेडिकल कॉलेज झालंय, तर पप्पांना घेऊन एक दिवस एसटीनं जा, ऑफिसात विचार की यंदा रेडिओग्राफीच्या जागा कुठं कुठं आहेत आणि प्रवेश कसा होतो. फोनवर विचारू नको, फोनवर कोणी नीट सांगत नाही. माझं मत विचारशील तर घरची ओढाताण नसेल तर पदवीच कर. २०२१ साली केंद्राचा अलाइड हेल्थकेअरचा कायदा आलाय, त्यात रेडिओलॉजी आणि इमेजिंगवाले धरलेत, पुढं शिक्षण आणि नोंदणीचे नियम आवळतच जाणार, सैल होणार नाहीत. महाराष्ट्रात पॅरावैद्यक परिषद पण आहे, तर ज्या कोर्सला पैसे भरशील त्यावर तिथं नोंदणी होते का हे आधी विचार आणि उत्तर कागदावर घे.

क्लास असो की कॉलेज, तिथं गेल्यावर चकाचक रिसेप्शन बघू नको. विचार की हॉस्पिटल कुठलं, रोज एक्स-रे किती निघतात, सीटीची मशीन स्वतःची आहे का दुसऱ्याच्या सेंटरला आठवड्यातून एकदा 'दाखवायला' नेतात, आणि मशीनला एईआरबीचं लायसन आहे का. हे विचारल्यावर समोरचा चिडला तर तुला उत्तर मिळालं.

नोकरीचं पण ऐकून ठेव. खाजगीत सुरुवातीचा पगार ऐकून तोंड वाकडं होईल, खोटं कशाला सांगू. सीटी-एमआरआयचा हात बसला की वाढतो. सरकारीत 'क्ष-किरण वैज्ञानिक अधिकारी', 'क्ष-किरण सहाय्यक' अशा नावानं जाहिरात येते, पोरं 'टेक्निशियन' शोधत बसतात आणि फॉर्मची तारीख निघून जाते. रेल्वेच्या पॅरामेडिकल भरतीत रेडिओग्राफरची पदं असतात, आणि भुसावळ जवळ असून आपल्या पोरांना ते माहिती नसतं याचं मला दरवेळी नवल वाटतं.

प्रश्न : मुलगी डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. नात्यातले लोक म्हणतात रेडिएशनच्या खात्यात पोरगी घातली, आता मूलबाळ व्हायला अडचण येईल, स्थळं येणार नाहीत. आम्ही शेतकरी माणसं, आम्हाला यातलं समजत नाही. कोर्स सोडायला लावू का?
— एक वडील, पारोळा तालुका

उत्तर : जिभाऊ, कोर्स सोडायला लावू नका, नात्यातल्या लोकांचं ऐकणं सोडा.

आता नीट सांगते. एक्स-रे मशीन बटण दाबल्यावर क्षणभर किरण सोडते, बोट उचललं की संपलं. खोलीत काही साठून राहत नाही, भिंतीत मुरत नाही, पोरीच्या कपड्यावर चिकटून घरी येत नाही, डब्यातली भाकर खराब होत नाही. हे मी अशासाठी लिहिते की ही सगळी वाक्यं मी लोकांच्या तोंडून ऐकलेली आहेत.

किरणांपासून वाचायचे तीन उपाय शिकवतात : वेळ कमी, अंतर जास्त, आणि मध्ये आडोसा. अंतराचं गणित फार कामाचं आहे, १ मीटरवर जेवढे किरण तेवढे २ मीटरवर चौथा हिस्सा आणि ३ मीटरवर नववा हिस्सा. तुमची पोरगी बटण दाबताना खोलीत नसतेच, शिशाच्या काचेमागं नाहीतर बाहेरच्या कन्सोलवर, म्हणजे मशीनच्या बटणांपाशी असते. ऑपरेशन थिएटरमध्ये सी-आर्मला, म्हणजे ऑपरेशन चालू असताना एक्स-रे दाखवणाऱ्या मशीनला उभं राहायची वेळ आली तर शिशाचं अ‍ॅप्रन घालते. आणि छातीवर टीएलडी बॅज लावते, तो दर तीन महिन्यांनी तपासायला जातो आणि तिला किती डोस मिळाला ते लेखी येतं. आमच्या नात्यातल्या लोकांचा असा तपासणीचा बॅज निघाला असता तर किती बरं झालं असतं.

मर्यादा पण कायद्यानं ठरलेली आहे. रेडिएशनमध्ये काम करणाऱ्याला ५ वर्षांच्या सरासरीनं वर्षाला २० मिलीसीव्हर्ट (हे डोस मोजायचं माप), आणि कुठल्याही एका वर्षात ३० च्या वर नाही. नियम पाळणाऱ्या साध्या एक्स-रे विभागात माणूस या आकड्याच्या आसपाससुद्धा जात नाही. तुलनेला सांगते, जमिनीतनं, आकाशातनं, खाण्यातनं जे नैसर्गिक रेडिएशन प्रत्येकाला मिळतं ते जगाच्या सरासरीनं वर्षाला २.४ मिलीसीव्हर्टच्या घरात आहे. छातीचा एक एक्स-रे काढला तर पेशंटला ०.०२ च्या आसपास मिळतं, पोटाचा सीटी काढला तर ८-१०. आणि आता रावेर-यावलचे केळीवाले माझ्यावर चिडतील पण केळ्यातपण किंचित रेडिएशन असतं, पोटॅशियममुळं, एका केळ्याला ०.०००१ मिलीसीव्हर्ट. शरीर जादाचं पोटॅशियम बाहेर टाकतं म्हणून ते साठत नाही, खा बिनधास्त.

मूलबाळ न होण्याएवढा डोस हा फार मोठा असतो, एक्स-रे विभागात काम करून तो लागत नाही. माझ्याबरोबर नोकरी केलेल्या बायकांची पोरं आता इंजिनियर होऊन पुण्याला बसलीत. स्थळाचं म्हणाल तर नोकरीवाली पोरगी आहे, स्थळं येतील.

प्रश्न : मॅडम, मी सेकंड इयरला आहे, पोस्टिंग सुरू झालीय. पोझिशन, केव्ही, एमएएस (किरणांची ताकद आणि प्रमाण) सगळं पाठ आहे पण पेशंट समोर आला की मला काही सुचत नाही. म्हातारे लोक ओरडतात, कोणी रडतं, आदिवासी भागातून येणाऱ्यांची भाषा कळत नाही. सिनिअर म्हणतात हळूहळू जमेल. पण नेमकं काय करायचं असतं ते कोणी सांगतच नाही. पेशंट केअरचा पेपर होता आम्हाला, त्यात व्याख्या विचारल्या.
— एक विद्यार्थी, शिरपूर

उत्तर : तुझ्या पत्राला सगळ्यात जास्त जागा देणार आहे, कारण खरी नोकरी ही आहे. आता डिजिटलमध्ये मशीन बरंच स्वतः करते, एक्सपोजर जरा इकडं तिकडं झालं तरी सॉफ्टवेअर सांभाळून घेतं. पेशंट हलला तर मात्र कोणतंही सॉफ्टवेअर सांभाळत नाही.

नावापासून सुरुवात कर. आपल्याकडं बाकड्याकडं बघून 'पाटील' म्हणून हाक मारली तर अर्धं बाकडं उठतं, आणि 'चौधरी' म्हटलं तर उरलेलं. म्हणून पूर्ण नाव, आणि त्याबरोबर वय नाहीतर केसपेपरचा नंबर, दोन खुणा जुळल्याशिवाय आत घ्यायचं नाही. आणि विचारताना 'तुम्ही सुमनबाई ना?' असं विचारू नको, कमी ऐकू येणारी आजी कशालाही 'हो' म्हणते. 'आजी, नाव काय तुमचं?' असं विचार, तिला बोलू दे. मग कोणता हातपाय दुखतो ते तिलाच दाखवायला लाव आणि कागदाशी ताडून बघ, कागदावर उजवा आणि आजी डावा दाखवते असं होतं, तेव्हा अंदाजानं काढायचा नाही, डॉक्टरला फोन करायचा. डाव्या-उजव्याचा मार्कर एक्सपोजरच्या आधी लाव, नंतर कॉम्प्युटरवर लावायची सवय वाईट.

भाषेचं म्हणशील तर अहिराणी तुला येतच असेल, 'काय व्हयनं माय?' (काय झालं आई?) एवढं म्हटलं तरी म्हातारं माणूस निम्मं निवळतं. धडगाव-अक्कलकुवा, तोरणमाळकडची माणसं पावरी-भिली बोलतात, तिथं बरोबरचा एखादा पोरगा मराठी जाणणारा असतो, त्याला दाराबाहेर हाकलू नको, आधी त्याला समजव आणि त्याच्याकडून सांगून घे, मग त्याला बाहेर पाठव. आणि 'श्वास रोखा' हे नुसतं सांगून होत नाही कोणत्याच भाषेत. स्वतः करून दाखव. छाती फुगव, तोंड बंद कर, हातानं थांब अशी खूण कर, एकदा पेशंटकडून रंगीत तालीम करून घे आणि मगच कन्सोलकडं जा. त्यात दहा सेकंद जातात. परत काढायला लागला तर पेशंटला डोस डबल आणि रांगेतल्यांच्या शिव्या फुकट.

छातीच्या एक्स-रेला बायांची वेणी पुढं आली असेल तर वर बांधून घे. हे कोणी सांगत नाही. जाड वेणी, त्यातून ओली असेल तर, खांद्यावर पडली की फिल्मवर फुफ्फुसाच्या वरच्या टोकाला पट्टा दिसतो, आणि टीबीचा डाग डॉक्टर नेमका तिथंच शोधत असतात. तसंच गळ्यातलं, ताईत, काळ्या दोऱ्यातला चांदीचा पेटीवाला ताईत, ब्लाउजच्या पिना, सगळं काढायचं. रोंटगेननं २२ डिसेंबर १८९५ ला बायकोच्या हाताचा एक्स-रे काढला त्यात तिची अंगठी ठसठशीत दिसते, तर हा त्रास पहिल्यापासूनचा आहे. दागिने पेशंटच्या डोळ्यादेखत तिच्याच माणसाच्या हातात द्यायचे, टेबलावर नाही, ड्रॉवरमध्ये नाही, आणि तुझ्या खिशात तर कधीच नाही. गळ्यात अर्धा किलो चांदी असलेली बाई सातपुड्यातनं खाली येते, तिच्यासाठी ते नुसते दागिने नाहीत, घरची बँक आहे.

आता हलवाहलव. ट्रॉलीवरून टेबलावर घेताना पहिलं काम ट्रॉलीचे ब्रेक, मग टेबल आणि ट्रॉली एका उंचीला. लघवीची पिशवी कुठं आहे ते बघ, ती कायम मूत्राशयाच्या खाली राहिली पाहिजे, पेशंटच्या पोटावर ठेवून सरकवायची पद्धत बंद कर, लघवी उलटी जाते आणि इन्फेक्शन होतं. सलाइनची नळी, ऑक्सिजनची नळी, ड्रेन, सगळ्यावर एकदा नजर फिरव. मग खालच्या चादरीसकट, दोन्हीकडून माणसं, एक-दोन-तीन म्हणून एकदम. एकट्यानं बगलेत हात घालून ओढायचं नाही, पेशंटचा खांदा जातो आणि तुझी कंबर. उचलताना गुडघ्यात वाक, कमरेत नाही. ज्यांनी हे ऐकलं नाही असे माझे बरेच सहकारी आज पट्टा लावून फिरतात.

खुब्याचं हाड मोडलेली आजी असेल तर बाजूचा फोटो काढायला तिला कुशीवर वळवायचं नाही, ट्यूब वळव, आडव्या बीमनं काढ. हायवेवरचा अ‍ॅक्सिडेंट आला, सुरत-नागपूर रोडवर रात्री येतच असतात, तर मानेची कॉलर डॉक्टरनं सांगितल्याशिवाय फोटो चांगला येत नाही म्हणून काढायची नाही. वळवायलाच लागला तर चार जण मिळून, डोकं धरणारा एक जण हुकूम देणार, ओंडका वळवल्यासारखं सगळं अंग एका वेळी.

उभं राहून फोटो काढताना चक्कर येणारे फार. एप्रिल-मे मध्ये आपल्याकडं पारा ४५ ला जातो, माणूस सकाळी उपाशीपोटी निघालेलं असतं, दोन गाड्या बदलून येतं, आणि तुझ्या एसी खोलीत येऊन उभं राहिलं की डोळ्यापुढं अंधारी. घाम फुटलाय, ओठ पांढरे पडलेत असं दिसलं की एक्स-रे राहू दे, आधी बसव, आडवं कर, पाय वर घे, हाक मार. उलटी होतेय असं वाटलं तर कुशीवर कर. शुगरवाले आणि लहान पोरं उपाशी तपासणीला असतील तर त्यांचा नंबर पहिला लाव, रांगेतले ओरडतील, ओरडू दे.

बायकांच्या बाबतीत पडदा, गाऊन, आणि खोलीत एक बाई, आया असो नाहीतर नातेवाईक. हात लावायच्या आधी सांग कुठं लावणार आणि कशासाठी. मूल होण्याच्या वयातल्या प्रत्येक बाईला पाळी कधी आली होती, दिवस असण्याची शक्यता आहे का हे विचारायचंच, पण सासऱ्यासमोर खणखणीत आवाजात नाही, नाहीतर ती खरं सांगणार नाही. आत घेऊन, हळू आवाजात, शक्यतो आयाकडून. शंका असली तर थांबायचं आणि डॉक्टरला विचारायचं.

लहान मूल धरायचं असेल तर आईनं किंवा बापानं, अ‍ॅप्रन घालून. तू रोज धरू नको, स्टाफमधल्या कोणीच नाही, कारण आईला तो एकदाच डोस आहे आणि तुला रोज. आई परत गरोदर असेल तर बापाला बोलव, तो बाहेर मोबाईलवर असतो.

आणि हात. प्रत्येक पेशंटआधी आणि नंतर. छातीच्या स्टँडवर जिथं हनुवटी टेकते ती जागा दर पेशंटमागं पुसायची, खोकणाऱ्या पेशंटला मास्क द्यायचा आणि आपण पण लावायचा, टीबी आपल्याकडं अजून आहे. मुख्य म्हणजे तू घाबरलायस हे चांगलं लक्षण आहे, बिनघोर असलेल्या पोरांची मला जास्त काळजी वाटते.

प्रश्न : वडिलांचा सीटी केला. टेक्निशियन सगळं स्क्रीनवर बघत होता, मी विचारलं काय दिसतंय तर म्हणाला 'रिपोर्ट येईल'. एवढा काय भाव खायचा? तुमच्या लोकांना समजवा जरा.
— एक वाचक, यावल

उत्तर : त्याला सांगायचा अधिकारच नाही भाऊ. फोटो वाचून निदान करायचं काम रेडिओलॉजिस्ट डॉक्टरांचं. त्यानं 'काही नाही' म्हटलं आणि रिपोर्टात निघालं तर तुम्हीच त्याची गचांडी धरली असती. मात्र तोडून बोलला असेल तर ते चूकच, 'डॉक्टर बघून संध्याकाळपर्यंत रिपोर्ट देतील, तोवर वडिलांना पाणी पाजा' एवढं म्हणायला पैसे पडत नाहीत. आणि एक, काही गंभीर दिसलं, उदाहरणार्थ डोक्यात रक्त, तर चांगला टेक्निशियन तुम्हाला काही न बोलता लगेच डॉक्टरला फोन लावतो. ते तुम्हाला दिसत नाही एवढंच.

प्रश्न : मी एका छोट्या सेंटरला आहे. डॉक्टर दुपारी नसतात तेव्हा मालक मलाच सीटीचं कॉन्ट्रास्ट द्यायला लावतात, एकदा तर सोनोग्राफीचा प्रोब पण हातात दिला. टीएलडी बॅज सगळ्यांचे एका खिळ्याला टांगलेले असतात, एक्स-रे रूममध्येच. नोकरी गरजेची आहे.
— नाव-गाव नको, नंदुरबार जिल्हा

उत्तर : गरज समजते. तरी सोनोग्राफीचा प्रोब परत हातात घेऊ नको, विषय संपला. पीसीपीएनडीटी, म्हणजे गर्भलिंग निदान रोखणारा कायदा १९९४ चा आहे, सोनोग्राफी कोणी करायची ते त्यात ठरलंय, ते पात्र डॉक्टरचं काम आहे. गरोदर बाईच्या प्रत्येक सोनोग्राफीचा एफ फॉर्म भरायला लागतो, आणि या कायद्यात मालकाबरोबर तू पण अडकशील. मालक वकील लावेल, तू कोण लावणार?

कॉन्ट्रास्टचं दुसरं. फोटोत आतलं उठून दिसावं म्हणून शिरेतून देतात ते आयोडीनचं औषध आहे, बहुतेकांना अंग गरम झाल्यासारखं वाटून जातं, पण एखाद्याला अंगावर पित्त उठतं, घसा सुजतो, बीपी कोसळतं, आणि ते मिनिटांत होतं. तेव्हा डॉक्टर इमारतीत पाहिजे, गावात नाही. देण्याआधी विचारायचं : आधी कधी कॉन्ट्रास्टचा त्रास झाला का, दमा आहे का, किडनीचा क्रिएटिनिनचा रिपोर्ट कुठाय, शुगरची मेटफॉर्मिन गोळी चालू आहे का. किडनी कमजोर असेल तर गोळी थांबवायची का ते डॉक्टर ठरवतील, तू नाही. इमर्जन्सी ट्रेमध्ये अ‍ॅड्रिनलिन आहे का आणि त्याची तारीख गेलीय का हे आज जाऊन बघ. औषध जाताना सुईच्या जागेवर हात ठेव, फुगायला लागलं तर लगेच थांबव. झाल्यावर अर्धा तास बसवून ठेवायचं, सुई तशीच, लगेच बसस्टँडवर सोडायचं नाही. डॉक्टर नसताना मालकानं सांगितलं तर 'डॉक्टर आल्यावर करू' हे पेशंटलाच सांगून टाक, मग मालकाला गप्प बसायला लागतं.

बॅजचं मात्र तुझ्या हातात आहे. एक्स-रे रूममध्ये टांगलेला बॅज खोलीचा डोस मोजतो, तुझा नाही. उद्या आकडा जास्त आला तर चौकशी तुझ्या नावानं लागते. आपला बॅज आपल्या छातीवर, अ‍ॅप्रन घातलं तर अ‍ॅप्रनच्या आत, दुसऱ्याला द्यायचा नाही, आणि सुटी झाल्यावर किरणांपासून लांब जिथं कंट्रोल बॅज (तुलनेसाठीचा, कोणी न लावायचा) ठेवतात तिथं. आणि हे सगळं चालू असताना दुसरी नोकरी शोधायला लाग, रजा टाकून इंटरव्ह्यूला जा.

प्रश्न : सासूबाईंच्या कंबरेचा एमआरआय सांगितलाय. त्या मंगळसूत्र काढायला तयार नाहीत, म्हणतात सोन्याला चुंबक धरत नाही. हातावर गोंदण पण आहे. काय करावं?
— एक सून, धुळे

उत्तर : सोन्याला धरत नाही हे सासूबाईंचं बरोबर आहे, हुशार आहेत. पण मण्यांमधली तार आणि मागचा आकडा कशाचा आहे हे सोनाराला तरी आठवतंय का? शिवाय धातू आत गरम होऊ शकतो आणि फोटो पण बिघडतो. एमआरआयचं साधं १.५ टेस्लाचं (टेस्ला म्हणजे चुंबकाची ताकद मोजायचं माप) चुंबक पृथ्वीच्या चुंबकाच्या साधारण ३० हजार पट असतं, आणि ते चोवीस तास चालू असतं, मशीन शांत दिसली तरी, रात्री सुद्धा. जानेवारी २०१८ मध्ये मुंबईतल्या एका हॉस्पिटलात ऑक्सिजनचा सिलिंडर घेऊन आत गेलेल्या नातेवाईकाचा जीव गेला होता, सगळ्या पेपरात आलं होतं. म्हणून दारावरचा माणूस किल्ल्या, मोबाईल, पिना मागतो तेव्हा हुज्जत घालू नका.

मंगळसूत्राला एक उपाय आमच्या बायकांनीच काढलेला आहे, हळदीत बुडवलेला सुती दोरा तेवढ्या वेळापुरता गळ्यात बांधायचा. कित्येक आज्या यावर राजी होतात. जुन्या गोंदणाचं फारसं काही नसतं, तरी त्या जागी चटका जाणवला तर हातातला रबरी फुगा दाबा म्हणावं, मशीन थांबवतात. आवाज भरपूर होतो, कानाला बोळे देतात, ते मागून घ्या. कवळी, कानातलं मशीन काढा. पेसमेकर असेल, मेंदूत क्लिप असेल तर आधीच फोन करून सांगा. आणि घरातला कोणी वेल्डिंग-ग्राइंडिंगचं काम करत असेल आणि कधी डोळ्यात लोखंडाचा कण गेला असेल, तर त्याच्या स्वतःच्या एमआरआयच्या वेळी त्यानं ते सांगायलाच पाहिजे, आधी डोळ्याचा एक्स-रे काढतात.

प्रश्न : मी टेक्निशियन आहे, दिवस गेलेत, दोन महिने झालेत. अजून कामावर कोणाला सांगितलं नाही, सांगितलं तर काढून टाकतील अशी भीती वाटते. घरचे म्हणतात तीन महिने झाल्याशिवाय सांगू नये. ड्युटी सी-आर्मला पण लागते.
— एक ताई, भुसावळ

उत्तर : आधी अभिनंदन. आता घरच्यांना जे काही म्हणायचं ते नातेवाइकांच्या बाबतीत पाळा, कामावर आजच सांगा. बाळाची घडण पहिल्या महिन्यांतच होते, आणि तुम्ही कळवलं की उरलेल्या गरोदरपणात बाळाला १ मिलीसीव्हर्टच्या वर डोस जाऊ द्यायचा नाही ही जबाबदारी हॉस्पिटलवर येते. सांगितलंच नाही तर त्यांच्यावर काही येत नाही. तोंडी सांगू नका, दोन ओळींचा अर्ज लिहा, विभागप्रमुखांना आणि रेडिएशन सेफ्टी ऑफिसरला, झेरॉक्सवर पोच घ्या.

नोकरी सोडायची गरज नाही. सी-आर्म, फ्लुरोस्कोपी (हलता एक्स-रे) आणि वॉर्डातलं पोर्टेबल तेवढं दुसऱ्याला द्या, कन्सोलमागचं काम, रजिस्टर, अपॉइंटमेंट, सीटीचं कंट्रोल रूममधलं काम चालतं. बॅज रोज लावा, मागच्या तिमाहीचे रिपोर्ट मागून घ्या आणि तुमच्या डॉक्टरीणबाईंना दाखवा, बहुतेक वेळा त्यात शून्याच्या जवळचंच काहीतरी असतं आणि तुमची निम्मी काळजी तिथंच जाईल. जड पेशंट उचलायला जाऊ नका, रेडिएशनपेक्षा त्याचाच त्रास जास्त होतो. काढून टाकतो असं कोणी म्हटलंच तर ते लेखी मागा, आणि मला परत पत्र टाका.